लोंबणारी तार

संपादकांनी माझ्याकडे ‘एका अनोख्या छंदाविषयी’ लेख मागितला. मी म्हणालो, आधी छंद हा शब्द काढा, मग बोलू. रेडिओवर उडणारी छोटी विमानं हा ज्यांचा छंद होता त्यांचा होता. मी ती एकदाही उडवली नाहीत. ती ऐकेनाशी झाली की माझ्या टेबलावर यायची आणि ऐकायला लागली की जायची. त्याला धंदा म्हणतात. संपादक म्हणाले, बरं, हजार शब्द द्या. मी अडीच हजार म्हणालो. ते दीडवर आले. मी अडीचवरच बसून राहिलो, कारण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला तयार झालो ती हजारात मावत नाही. शेवटी ते थकले. लोक थकतात, हे मला सीताबर्डीच्या त्या गल्लीत दुकान मांडल्यापासून माहीत आहे.

दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. एक टेबल, एक स्टूल, एक मीटर. माझे वडील गिरणीत होते. मी कुठल्या संस्थेत रेडिओ शिकलो नाही. इतवारीच्या भंगारबाजारातून मेलेले रेडिओ आणायचे, उघडायचे, आणि ते कशानं मेले हे शोधायचं, असं करत शिकलो. त्यामुळे माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं आणि रागही लवकर यायचा. या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता विमानाचं सांगतो. लाकडी पट्ट्या आणि कागद-कापडाचं, माणसाच्या उंचीएवढ्या पंखांचं विमान. नाकावर छोटं इंजिन, ते मोटारसायकलच्या वरताण ओरडतं. पोटात काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, तो रिसीव्हर. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातात ट्रान्समीटर. याने खुंटी हलवली की ट्रान्समीटर सांगतो, रिसीव्हर ऐकतो, आणि विमानातल्या छोट्या मोटरी शेपटीची फळी हलवतात. रिसीव्हरचा कान म्हणजे एक बारीक तार. साधारण दोन हात लांब. ती पोटातून निघते आणि शेपटीच्या मागे मोकळी लोंबते. दिसायला अगदी गबाळी. नवीन लुगड्याचा धागा सुटल्यासारखी. ही तार लक्षात ठेवा.

सत्तरच्या दशकात नागपुरात असे संच फार तर पंधरा-वीस असतील. सगळे बाहेरून आलेले. कोणाचा मेहुणा जहाजावर, कोणाचा भाऊ परदेशात. बिघडला की सुटा भाग मिळायचा नाही. पण मी एक संच उघडला तेव्हा मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. आतल्या त्या पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीच्या छोट्या डब्या आपल्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये असतात त्याच जातीच्या होत्या. गाणी ऐकायच्या रेडिओचा भाग काढून विमानात बसवला आणि ते उडालं. त्या दिवसापासून मी नागपुरातला एकमेव विमानाचा डॉक्टर झालो. हे मी म्हणत नाही, वानखडे म्हणायचे.

वानखडे काटोलचे. संत्र्याचा बगिचा, स्वतःचा आणि भावाचा. वजन भरपूर, आवाज त्याहून भरपूर. विमान घेऊन ते एसटीने यायचे. पंख टपावर बांधायचे, पोट मांडीवर घ्यायचे, आणि कंडक्टरने तिकीट मागितलं तर म्हणायचे, “याचं तिकीट कायचं? हे त स्वतः उडते.” विमानाचा रंगही संत्र्याचाच. एकदा दुकानात येऊन म्हणाले,

“रामटेके भाऊ, हे कालपासून माझं ऐकून नाई राहिलं.”

“क्रिस्टल काढले होते?”

“पुसाले काढले व्हते. धूळ बसलती. काहून?”

क्रिस्टल म्हणजे नखाएवढा चकचकीत तुकडा. एक ट्रान्समीटरमध्ये लागतो, एक रिसीव्हरमध्ये. दोघांची जोडी असते, पण दोघं एकसारखे नसतात. पाठवणाऱ्याचा वेगळा, ऐकणाऱ्याचा वेगळा.

“कोणता कुठं लावला?” मी विचारलं.

“दोन्ही सारखेच त व्हते.”

“वानखडेजी, नवरा-बायकोचीही जोडी असते. म्हणून नवऱ्याला लुगडं नेसवून चालत नाही.”

ते इतके हसले की शेजारचा घड्याळवाला बघायला आला. पाच मिनिटांचं काम होतं. मजुरीबद्दल मी संत्र्याची पेटी मागितली, आणि तीसुद्धा आंबिया बहाराची आंबट नको, मृगाची पाहिजे, असं बजावलं. ते म्हणाले, मृगाची निघायला अजून चार महिने आहेत. मी म्हणालो, थांबतो. चार महिन्यांनी पेटी आली. अशा माणसाशी घासाघीस करायला मजा येते.

कोराडीच्या वीज केंद्रातले एक इंजिनीअर यायचे. त्यांच्या विमानाची शेपटी हवेत थरथरायची. त्यांनी सगळं बदलून पाहिलं. मी पाहिलं तर लोखंडी तारेचा आकडा लोखंडी कडीत अडकवलेला. इंजिन चालू झालं की लोखंडावर लोखंड घासतं, त्याचा बारीक आवाज रिसीव्हरच्या कानात जातो आणि तो गडबडतो. मी बायकोची फुटलेली प्लास्टिकची बांगडी घेतली, तिचा तुकडा कापून मधे बसवला. थरथर गेली. ते साहेब म्हणाले, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, सुशीलाच्या हातात होतं.

तर असं चाललं होतं. काटोल रोडला शहर संपतं तिथे क्लबचं मैदान होतं. एका टोकाला पत्र्याची शेड, शेडवर पत्र्याची पाटी. पाटीवर अध्यक्षांचं नाव, सचिवांचं नाव, आणि तिसऱ्या ओळीत, ‘रेडिओ तपासणी – ज. वि. रामटेके’. ती तिसरी ओळ मी घासाघीस करून मिळवली होती. सचिव आगाशे साहेबांनी मला दर रविवारी मैदानावर यायला सांगितलं तेव्हा मी पैसे मागितले नाहीत, पाटी मागितली. आमच्या वस्तीतून वडिलांना एकदा सायकलवर बसवून आणलं आणि लांबूनच ती ओळ दाखवली. त्यांना अक्षरं लागत नव्हती. मी वाचून दाखवली. ते म्हणाले, “पुन्हा वाच.”

माझा नियम एकच होता. उडवायच्या आधी साठ पावलं. ट्रान्समीटरच्या एरियलची लांब दांडी पूर्ण आत ढकलायची, म्हणजे त्याचा आवाज बारीक होतो. विमान स्टुलावर ठेवायचं, एकानं त्याच्याजवळ हात वर करून उभं राहायचं. दुसऱ्यानं ट्रान्समीटर हलवत चालत जायचं. शेपटी नीट ऐकते तोवर हात वर. बावचळली की हात खाली. बारीक आवाज साठ पावलांवर ऐकू आला तर दांडी पूर्ण काढल्यावर विमान डोळ्यांना दिसेल तिथवर ऐकतं. साठ पावलं झाली की मी म्हणायचो, जाऊ द्या. त्याशिवाय नाही.

आगाशे साहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. अतिशय टापटीप माणूस. शर्टाची घडी मोडायची नाही. मैदानावरच्या खुर्च्याही दोरी धरल्यासारख्या एका ओळीत लावायचे. मला ‘अहो रामटेके’ म्हणायचे, चहा स्वतःच्या हाताने द्यायचे. वाईट माणूस नव्हता, हे आज लिहू शकतो. पुढची कित्येक वर्षं मी हे तोंडातून काढलं नसतं.

एका वर्षी दसऱ्याला मैदानावर प्रात्यक्षिक ठेवलं. पाहुणे येणार होते, शाळेची मुलं येणार होती. सकाळी शेडमध्ये विमानांची पूजा, मग उड्डाण. सगळ्यात शेवटी वानखड्यांचं संत्री विमान, कारण तेच सगळ्यात मोठं. त्याचा रिसीव्हर मी आठवड्यापूर्वी दुरुस्त करून दिला होता, साठच्या जागी पंचाहत्तर पावलं चालून पाहिला होता. पण दसऱ्याच्या दिवशी मी मैदानावर नसणार, हे साहेबांना आधीच सांगितलं होतं. तो आमचा दिवस. छप्पन साली मी नऊ वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिलेली. त्यानंतर एकाही दसऱ्याला दीक्षाभूमी चुकवली नाही. गावाकडचे पाहुणे आदल्या दिवशीच घरी उतरलेले असतात, आईला हाताला धरून न्यायचं असतं. साहेब म्हणाले, “हो हो, तुम्ही जा. इथे काय अडणार आहे?”

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी वानखडे दुकानात आले ते संत्र्याचा खोका घेऊन. खोक्यात संत्री नव्हती, विमान होतं. मोठ्यात मोठा तुकडा हातभर.

“भाऊ,” ते म्हणाले, “गेलं.”

“कसं गेलं?”

“वर चांगलं गेलं. दोन चकरा मारल्या. पाहुणे टाळ्या वाजवून राहिले. मंग जरा लांब नेलं, वळवाले गेलो त वळतच नाई. सरळच सरळ. तुरीच्या वावरात जाऊन घुसलं. कोणाले लागलं नाई, तेवढं एक बरं झालं.”

“साठ पावलं चालले होते?”

वानखडे खोक्याची दोरी गुंडाळायला लागले.

“वानखडेजी, चालले होते का?”

“पाहुण्याले घाई व्हती. साहेब म्हणाले, रामटेकेनं तपासून देल्लंच हाय, चला.”

मी तुकडे टेबलावर मांडले. रिसीव्हर फोमात गुंडाळलेला होता, म्हणून वाचला होता. बॅटरी जोडली, ट्रान्समीटर लावला, ऐकत होता. मग मी तार शोधली. शेपटीच्या तुकड्याला ती नव्हती. पोटाच्या तुकड्याजवळ सापडली. पुढे-मागे, पुढे-मागे घड्या घालून बोटभर लांबीची जुडी केलेली, आणि तिच्यावर पूजेचा लाल धागा सात-आठ वेढे देऊन घट्ट बांधलेला. वर हळद आणि कुंकवाचं बोट.

“हे कोणी केलं?”

“साहेबानं,” वानखडे म्हणाले. “पूजा करतानी म्हणाले, हे काय लोंबून राहिलं, पाहुण्यापुढे बरं दिसत नाई. असं घडी घालून बांधलं मस्त. मीबी म्हणलो…”

“काय म्हणाले तुम्ही?”

“मी म्हणलो, आता साजरं दिसते.”

साजरं म्हणजे आमच्याकडे सुंदर, नीटनेटकं. मुलगी पाहून आल्यावर म्हणतात तो शब्द. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा शिवीसारखा ऐकला. तार गुंडाळली की कान बंद. जवळचं ऐकू येतं, लांबचं येत नाही. म्हणून दोन चकरा झाल्या आणि तिसरी झाली नाही.

आता माझ्या चुकीचं सांगतो. माझ्या हातात पुरावा होता. मला फक्त मैदानावर जाऊन म्हणायचं होतं, साहेब, धागा बांधून चाला आणि धागा सोडून चाला. दहा मिनिटांत निकाल लागला असता. पण मी रविवारी गेलो तेव्हा पाटीवरची तिसरी ओळ पांढऱ्या रंगाने पुसलेली होती. आणि आगाशे साहेब चार जणांना सांगत होते, “देशी ट्रान्झिस्टरचा भाग विमानात टाकला की दुसरं काय होणार?”

मी धागा त्यांच्या नाकासमोर धरला. साहेब म्हणाले, “पूजेच्या धाग्याने विमान पडत नसतं, रामटेके.” कोणीतरी मागून म्हणालं, “हे स्वतः पूजेला नव्हते ना, म्हणून धाग्यावर आले.” त्यावर दोघं-तिघं हसले. मग मी म्हणालो, की साहेबांच्या डोक्यातला क्रिस्टल उलटा बसला आहे आणि तो दुरुस्त करायला सुटा भाग मिळत नाही. आणखीही म्हणालो, ते छापण्यासारखं नाही. साहेब पांढरे पडले. त्यांनी फक्त शेडच्या बाहेर बोट दाखवलं. वानखडे मधे पडले, “साहेब, धागा मी पाहिला, मी तिथंच व्हतो,” असं म्हणाले. पण माझ्या शिव्यांनंतर धाग्याचं कोण ऐकणार? भांडणात विषयच बदलून गेला होता. तो मी बदलला होता.

वडिलांना मी सांगितलं नाही. ते मधून मधून विचारायचे, “पाटी हाय ना?” मी हो म्हणायचो. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी पाटी होती. साहेबांवरचा माझा खरा दावा हा होता, विमानाचा नव्हता.

धागा मी क्रीमच्या रिकाम्या डबीत ठेवला. दुकानात टेबलाच्या खणात. सुशीला कधी डबा घेऊन आली की ती डबी हलवून बघायची. “फेकून द्या जी हा धागा,” म्हणायची. “घरात पूजा नाही, अन् पूजेचा धागा सांभाळून राहिले.”

“तो पूजेचा नाही, पुराव्याचा आहे.”

“मंग कोर्टात कधी जाणार?”

मी डबी तिच्या हातातून घेऊन खणात सारली.

माझ्यासाठी मैदान बंद झालं तरी काम बंद झालं नाही. वानखडे दुसरं विमान बांधून यायला लागले. पण क्लबात त्यांनी सांगितलं, दुरुस्ती मुंबईहून करून आणतो. “तिथं तुमचं नाव काढलं त भांडण, भाऊ. मुंबई म्हणलं की सगळे गप.” आणि मग मला येऊन सांगायचे, “सगळे म्हणून राहिले, मुंबईच्या कामाची बातच और.” हे ऐकून मला आनंद व्हायचा की संताप, ते ठरवता यायचं नाही. हळूहळू आणखी तिघं-चौघं ‘मुंबईला’ पाठवायला लागले. जिन्याखालच्या मुंबईला.

अशी सात वर्षं गेली. ऐंशीचं दशक लागलं. आणि एका दुपारी दुकानाच्या पायरीशी आगाशे साहेब उभे राहिले. केस पांढरे झालेले. हातात पांढऱ्या कापडात बांधलेलं लांबट खोकं. मी एका बाईंचा ट्रान्झिस्टर उघडून बसलो होतो. म्हणालो, “बसा.” स्टूल दिलं, आणि तो ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्त वेळ दुरुस्त केला. बाई गेल्यावर साहेब म्हणाले,

“वानखड्यांची मुंबई कुठे आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुमचं सोल्डरिंग मी ओळखतो. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, चकचकीत.”

“मग दोन वर्षं का नाही आलात?”

“आज आलो आहे,” ते म्हणाले.

खोक्यात हेलिकॉप्टर होतं. मुलीने परदेशातून पाठवलेलं. तीन रविवार प्रयत्न झाला, जमिनीवरून टाच उचलली की भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरायचं आणि पडायचं. पात्यांच्या तीन जोड्या मोडल्या होत्या. चौथी जोडी शेवटची. साहेब म्हणाले, “गायरो खराब आहे असं सगळ्यांचं मत आहे. ही पाती मोडली की संपलं. मुलगी दिवाळीला येते आहे, तिच्यासमोर एकदा उडावं एवढंच.”

गायरो म्हणजे काय, ते सांगतो. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई पाहा. पाय डावीकडे घसरला की मान आपोआप उजवीकडे जाते, घागर जागेवर राहते. हेलिकॉप्टरला ती मान नसते. वरचा मोठा पंखा एकीकडे फिरतो म्हणून धड दुसरीकडे फिरू पाहतं. शेपटीवरचा छोटा पंखा त्याला अडवतो. पण वाऱ्याची झुळूक आली, इंजिन वाढलं, की किती अडवायचं ते क्षणोक्षणी बदलतं. माणसाचा हात तेवढा चपळ नाही. म्हणून एका छोट्या डबीत गरगर फिरणारं चाक बसवतात. नाक डावीकडे गेलं की ते चाक ओळखतं आणि शेपटीला सांगतं, उजवीकडे ढकल. ती डबी म्हणजे हेलिकॉप्टरची मान.

मी बॅटरी जोडली. चाक गुणगुणायला लागलं, छान, एकसारखं. गायरो ठणठणीत होता. मग हेलिकॉप्टर तळहातावर घेतलं आणि नाक डावीकडे वळवलं. शेपटीच्या पात्यांकडे पाहिलं. ती नाकाला उजवीकडे आणायच्या ऐवजी आणखी डावीकडे ढकलायला वळत होती. घसरणाऱ्या बाईला मागून धक्का दिल्यासारखं. मग ते भिंगरी होणार नाही तर काय?

“साहेब, हा उलटा बसवला आहे. या जातीच्या डबीला बटण नसतं. काम उलटं होत असेल तर डबीच पालथी घालायची.”

“पण पालथी घातली तर,” साहेब म्हणाले, “वरचं नाव खाली जातं. कंपनीचं नाव वर, सरळ वाचता येईल असं बसवलं होतं मी. तेच बरं दिसतं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याच क्षणी त्यांना लोंबणारी तार आठवली, कारण त्यांनी मान खाली घातली. मी खण उघडून डबी काढली आणि टेबलावर ठेवली. उघडली नाही. त्यांनी ती उघडली. धाग्याचा रंग उडाला होता, हळद मात्र होती.

“तुम्ही हे ठेवलंत.”

“ठेवलं.”

“मजुरी काय घेणार, रामटेके?”

मला आयुष्यात इतका चांगला सौदा पुन्हा मिळाला नाही. समोरचा पूर्ण अडलेला होता. मी म्हणालो, “मजुरी नको. रविवारी मैदानावर चालायचं. एक संच, एकदा हा धागा बांधून, एकदा सोडून. ट्रान्समीटर घेऊन तुम्ही चालायचं. पावलं मोठ्याने मोजायची.”

“मोठ्याने?”

“शेडमधल्या खुर्च्यांपर्यंत ऐकू येईल एवढ्या.”

साहेबांनी थोडी घासाघीस केली. म्हणाले, फक्त वानखड्यांसमोर चालतो. मी नाही म्हणालो. म्हणाले, दिवाळीनंतर. मी नाही म्हणालो. मग ते उठले आणि म्हणाले, “बरं. रविवारी.” डबी पालथी करून मी हेलिकॉप्टर त्याच पांढऱ्या कापडात बांधून दिलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण स्टुलावरून उठताना त्यांनी टेबलाला हात टेकला, ते पाहून तितकंसं वाटलं नाही.

रविवारी पंधरा-सोळा जण होते. वानखड्यांनी आपलं विमान स्टुलावर ठेवलं. तार मी घडी घालून, तोच धागा तसाच गुंडाळून बांधली. वानखडे हात वर करून उभे राहिले. साहेब दांडी आत ढकलून चालायला लागले. एक, दोन, तीन. आवाज शाळामास्तरासारखा खणखणीत. सतराव्या पावलाला शेपटी बावचळली. वानखड्यांचा हात खाली आला. “गेलं,” ते म्हणाले.

मी धागा सोडला. तार मोकळी केली, शेपटीमागे लोंबू दिली. साहेब पुन्हा सुरुवातीला आले. एक, दोन, तीन. सतरा ओलांडलं. तीस. साठ. वानखड्यांचा हात वरच. मी ओरडलो, “झालं साहेब, पुरे.” पण ते थांबले नाहीत. सत्तर. ऐंशी. मैदानाच्या टोकाला बाभळी होत्या, तिथवर मोजत गेले. आकडे ऐकू येईनासे झाले तरी त्यांची पाठ दिसत होती. आता विमानासाठी चालायची गरज नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. पाठमोरं राहायचं म्हणून ते चालत होते. वानखडे हात वर धरूनच हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, आता बस करा गा.” मी म्हणालो, “मी कुठं चालवून राहिलो?”

ते परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर त्यांनी ट्रान्समीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तो धागा मला द्या.” मी दिला. त्यांनी तो खिशात ठेवला. माफी मागितली नाही. नंतर हेलिकॉप्टर काढलं. ते कंबरेएवढं उचललं गेलं आणि एका जागी हवेत उभं राहिलं, नाक न हलवता. साहेबांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते माझ्या मजुरीत धरायला हवं होतं, पण ठरवताना मी ते विसरलो.

पुढच्या रविवारी पाटीवर तिसरी ओळ परत आली. रंगाऱ्याने ‘रेडिओ’चा डि दीर्घ केला होता. मी तो तसाच राहू दिला. वडील नव्हते, पण मी त्या दिवशी ती ओळ दोनदा वाचली.

पण माझी तक्रार संपली नव्हती. माफी ही माफीच्या शब्दात हवी, असं माझं मत होतं, आणि मी ते सुशीलाला रोज ऐकवायचो. दुसऱ्या वर्षी दसरा जवळ आला तेव्हा साहेबांचा निरोप आला. क्लबची पूजा यापुढे दसऱ्याला होणार नाही, खंडेनवमीला होईल. शस्त्रांची, अवजारांची पूजा मुळात नवमीचीच, असं त्यांनी सभेत सांगितलं. सगळ्यांना पटलं. खरं कारण सभेत कोणी बोललं नाही. नवमीला मी मोकळा असतो. दुसऱ्या दिवशी नसतो.

मी गेलो. पूजा माझी नाही, म्हणून बाजूला उभा राहिलो. साहेब ताट घेऊन एकेका विमानाच्या पंखाला कुंकू लावत आले. वानखड्यांच्या विमानापाशी थांबले. तार शेपटीमागे लोंबत होती, ताटात पडेल इतकी. त्यांचा हात सवयीने तिच्याकडे गेला आणि मधेच थांबला.

“रामटेके,” ते म्हणाले, “जरा ही धरता का?”

मी पुढे झालो आणि तार दोन बोटांत धरून बाजूला उचलली. त्यांनी पंखाला कुंकू लावलं. मी तार सोडली, ती पुन्हा लोंबायला लागली. वानखडे बघत होते. म्हणाले, “काई म्हणा साहेब, साजरं नाई दिसत.”

“नाही दिसत,” साहेब तारेकडे बघत म्हणाले. “पण परत येतं ना. मग झालं.”

ते पुढच्या विमानाकडे गेले. विमानाबद्दलच बोलले होते, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. त्या दिवशी मला ते कमी वाटलं होतं. घरी येऊन सुशीलाला म्हणालो, एवढ्यावर भागवतो म्हणे. ती म्हणाली, “अजून किती घेणार त्या म्हाताऱ्याकडून?”

त्या मैदानावर आता चार मजली इमारती आहेत. आगाशे साहेब गेले, वानखडे काटोलला आहेत, गुडघ्यांमुळे येत नाहीत, मृगाची पेटी मात्र येते. त्यानंतरच्या प्रत्येक नवमीला, क्लब होता तोवर, तार मी धरली. आणि दरवर्षी साहेबांचं ते ‘परत येतं ना’ मला थोडं मोठं वाटत गेलं. आयुष्यभर समोरच्याने सांगितलेल्या भावात मी काही घेतलं नाही. हे घेतो.